पोस्ट पाहिली, पण मत बदललं का? ऑनलाइन प्रचाराच्या अभ्यासाविषयी वाचकांचे प्रश्न

निवडणुकीतल्या ऑनलाइन प्रचाराचा मतदारांवर होणारा परिणाम कसा अभ्यासावा, याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी सात प्रश्न इथे घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी एका निवडणुकीतल्या वीस उमेदवारांच्या समाजमाध्यमांवरच्या पानांचा अभ्यास केला. ज्यांच्या पोस्टना लाइक आणि शेअर जास्त, त्यांतले बहुतेक निवडून आले. ऑनलाइन प्रचारामुळे ते जिंकले, असं प्रबंधात लिहिता येईल का? (राज्यशास्त्राची विद्यार्थिनी)

नाही, तसं लिहिता येणार नाही. जो उमेदवार आधीपासूनच लोकप्रिय असतो, त्याला लाइकही मिळतात आणि मतंही. म्हणजे लाइकमुळे मतं मिळाली असं नसून दोन्ही एकाच मुळातून आलेली असू शकतात. शिवाय लाइक देणाऱ्यांपैकी त्या मतदारसंघातले मतदार किती, हे तुम्हाला कळत नाही. काही लाइक तर विकत घेतलेलेही असतात.

परिणाम म्हणजे एक तुलना असते. त्याच मतदाराला प्रचार दिसला नसता तर त्याने काय केलं असतं, आणि दिसल्यावर काय केलं, यांतलं अंतर म्हणजे परिणाम. एकाच माणसाच्या बाबतीत ही दोन्ही रूपं कधीच पाहता येत नाहीत. म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करतात. एकाला प्रचार दाखवतात, दुसऱ्याला दाखवत नाहीत. कोण कुठल्या गटात जाणार हे नशिबावर सोडलं, की आवड, वय, पक्षनिष्ठा हे सगळं दोन्हीकडे सरासरीने सारखं होतं आणि उरलेला फरक प्रचाराचा ठरतो.

लाइकवर विसंबून का राहू नये, हे २ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकेच्या संसदीय निवडणुकीत फेसबुकवर झालेल्या प्रयोगातून नीट दिसतं. सुमारे ६ कोटी लोकांना मतदानाची आठवण करून देणारा संदेश दाखवला गेला. त्यात ‘मी मतदान केलं’ असं बटण होतं आणि ते दाबलेल्या ओळखीच्या मित्रांचे चेहरे होते. सुमारे सहा लाखांच्या एका गटाला तोच संदेश चेहऱ्यांशिवाय दिसला. तेवढ्याच आणखी एका गटाला काहीच दाखवलं नाही. चेहरे पाहिलेल्यांत बटण दाबण्याचं प्रमाण नुसता संदेश पाहिलेल्यांपेक्षा २.०८ टक्क्यांनी जास्त निघालं. पण सुमारे ६३ लाख लोकांची नावं मतदानाच्या सरकारी नोंदींशी जुळवून पाहिली, तेव्हा प्रत्यक्ष मतदानातला फरक ०.३९ टक्के एवढाच भरला. नुसता संदेश पाहिलेल्यांत आणि काहीच न पाहिलेल्यांत तर फरकच नव्हता. बटण दाबणारे सगळे जण केंद्रापर्यंत गेले नव्हते. अभ्यासक बटण मोजूनच थांबले असते, तर परिणाम होता त्याच्या पाचपट दिसला असता.

तुमची मेहनत मात्र वाया जात नाही. प्रश्न बदला. कोणत्या उमेदवाराने कोणते मुद्दे, कोणत्या आठवड्यात, कोणत्या सुरात मांडले, याचं नेमकं वर्णन तुमच्या सामग्रीतून चांगलं होऊ शकतं. कारणमीमांसेकडे थोडं सरकायचंच असेल, तर तोच उमेदवार सलग दोन निवडणुकांत घ्या आणि त्याच्या ऑनलाइन प्रचारातला बदल त्याच्या मतांच्या वाट्यातल्या बदलाशी ताडून पाहा. त्यानेही कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पण उमेदवाराची मुळातली लोकप्रियता निदान बाजूला पडते.

प्रश्न : प्रयोग करायचं ठरवलं आहे. चारशे जणांचा नमुना पुरेल का? मार्गदर्शक म्हणतात पुरेल.

मतदानाचा टक्का वाढला का हे पाहायचं असेल, तर पुरणार नाही. का ते कागदावर करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

समजा मतदानाचं नेहमीचं प्रमाण ६० टक्के आहे. ०.६ गुणिले ०.४ म्हणजे ०.२४. त्याला १६ ने गुणा, ३.८४ येतात. या आकड्याला अपेक्षित फरकाच्या वर्गाने भागा. येणारी संख्या म्हणजे प्रत्येक गटात लागणारी माणसं. (१६ हा आकडा, खरा परिणाम पकडण्याची शक्यता ८० टक्के आणि खोटा परिणाम सापडण्याची ५ टक्के, या रूढ अटींतून येतो.) पाच टक्क्यांचा फरक पकडायला दर गटात सुमारे १,५३६ माणसं लागतात, दोन टक्क्यांचा पकडायला ९,६०० आणि ०.४ टक्क्यांचा पकडायला २ लाख ४० हजार. तुमच्या दोनशे-दोनशेच्या गटांत चौदा टक्क्यांच्या आतला फरक भरवशाने सापडणार नाही. ऑनलाइन जाहिरातीने मतदान चौदा टक्क्यांनी हलल्याचं कोणी सांगितलं, तर आधी तो अभ्यासच तपासायला घ्यावा लागेल.

लहान नमुन्याचा धोका नुसता ‘काही सापडलं नाही’ एवढाच नसतो. त्यात योगायोगाने काही सापडलंच, तर ते खऱ्यापेक्षा फुगलेलं असतं, कारण फुगलेला आकडाच तेवढ्या नमुन्यात उंबरठा (‘हा निव्वळ योगायोग नाही’ असं म्हणण्यासाठी लागणारी मर्यादा) ओलांडू शकतो. असे फुगलेले आकडे छापून येतात आणि पुढचे अभ्यासक त्यांवर इमले बांधतात.

नमुना वाढवता येत नसेल, तर त्याच माणसांना प्रचाराच्या आधी एकदा आणि नंतर एकदा विचारा. उमेदवाराबद्दलचं आधीचं आणि नंतरचं मत बऱ्यापैकी जुळतं. सहसंबंध (दोन्ही उत्तरं किती जुळतात याचं माप, १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.८ असेल, तर त्याचा वर्ग ०.६४. लागणारी माणसं १ वजा ०.६४, म्हणजे ०.३६ पट होतात. ९,६०० च्या जागी साधारण साडेतीन हजार. हा उपाय मतासाठी चांगला चालतो, मतदानाला गेला की नाही यासाठी कमी. मात्र दुसऱ्या फेरीत गळती होते. ती दोन्ही गटांत सारखी झाली का, हे पहिल्यांदा तपासा. प्रचार पाहून वैतागलेले लोकच निघून गेले असतील, तर उरलेल्यांची तुलना फसवी ठरते.

आणखी एक चूक वारंवार होते. माणसांऐवजी प्रभागांच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि गणित मात्र माणसांचं करायचं. एका प्रभागातली माणसं एकमेकांसारखी असतात. हे साम्य (गटांतर्गत सहसंबंध) अगदी ०.०२ असलं आणि प्रत्येक प्रभागातून ५०० माणसं घेतली, तर १ अधिक ४९९ गुणिले ०.०२, म्हणजे जवळपास ११. तुमच्या अकरा हजारांचं मोल एका हजाराएवढंच राहतं. अशा वेळी प्रत्येक प्रभागातली माणसं कमी करा आणि प्रभाग वाढवा.

प्रश्न : समाजमाध्यमांच्या जाहिरात व्यवस्थापकात (जाहिराती देण्याच्या साधनात) दोन जाहिरातींची तुलना करण्याची सोय असते. तीच प्रयोग म्हणून वापरली तर? (प्रचारयंत्रणेत काम करणारा वाचक)

त्या सोयीत प्रेक्षक दोन भागांत वाटले जातात खरे, पण प्रत्येक भागातल्या नेमक्या कोणाला जाहिरात दाखवायची हे यंत्रणा ठरवते. पहिली जाहिरात तिला तरुणांत चालेल असं वाटलं, तर ती तरुणांकडे जाते आणि दुसरी वयस्कांकडे. मग ‘पहिली जास्त परिणामकारक’ असं दिसतं, ते जाहिरातीमुळे की माणसांमुळे, हे सांगता येत नाही. राजकीय जाहिरातींत तर यंत्रणा मजकूर आधीच पटलेल्या लोकांकडे वळवते आणि विरोधी मताच्या लोकांपर्यंत पोहोचणं महाग पडतं.

चिठ्ठ्या तुम्हीच टाका. आधी संपर्क-यादी घ्या, तिचे स्वतः दोन गट करा, यादीत गट नोंदवून फाइल कुलूपबंद करा आणि मगच पहिल्या गटाची यादी यंत्रणेत चढवा. दुसऱ्या गटाला तेवढ्याच पैशांची, त्याच काळात, राजकारणाशी संबंध नसलेली जाहिरात दाखवली तर उत्तम. परिणाम मोजताना मूळ गट धरूनच मोजा. ‘ज्यांनी खरंच पाहिली तेवढेच’ असं वेगळं काढू नका. जाहिरात दिसते ती सतत ऑनलाइन असणाऱ्यांना, आणि ते बाकीच्यांसारखे नसतात.

इथे एक सापळा आहे. यादीतली समजा निम्मीच नावं यंत्रणेला सापडली आणि त्यांतल्या ४० टक्क्यांनाच जाहिरात दिसली, तर पाहणारे झाले २० टक्के. पाहणाऱ्यांवर दोन टक्क्यांचा परिणाम झाला, तरी संपूर्ण गटात तो ०.४ टक्के दिसणार. वरच्या उत्तरातले आकडे आठवा. नमुना ९,६०० वरून थेट २ लाख ४० हजारांवर, पंचवीसपट. म्हणून पैसे खर्च करण्याआधी चार-पाचशे नावांवर किती जुळतात आणि किती जणांपर्यंत जाहिरात पोहोचते, एवढंच एकदा पाहून घ्या.

प्रश्न : कधी वाचतो की ऑनलाइन प्रचाराने निवडणूक फिरली, कधी वाचतो की काहीच परिणाम होत नाही. खरं काय मानायचं?

दोन्ही मथळे ढोबळ आहेत. कशावर परिणाम आणि कोणावर, हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

मन वळवणं फार अवघड आहे. अमेरिकेतल्या ४९ क्षेत्रीय प्रयोगांचा (प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या मतदारांवर केलेल्या) एकत्र आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मुख्य निवडणुकीत (पक्षांचे उमेदवार ठरल्यानंतरच्या) प्रचाराने मत बदलण्याचा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीतल्या ४९ जाहिरातींवर ५९ प्रयोग झाले, सुमारे ३४ हजार लोकांवर. तिथेही उमेदवाराबद्दलचं मत पाच अंकांच्या मापावर सरासरी ०.०५ अंकानेच हललं. कुणाला जाहिरात दाखवली, कोणी दिली, कधी दिली, यानेही फारसा फरक पडला नाही.

पण सरासरी शून्य म्हणजे सगळीकडे शून्य असं नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या पाच चुरशीच्या राज्यांत सुमारे वीस लाख मतदारांवर आठ महिने, ८९ लाख डॉलर खर्चून ट्रम्पविरोधी डिजिटल जाहिरातींचा प्रयोग झाला. एकूण मतदानावर दखल घेण्याजोगा परिणाम दिसला नाही. मतदारांचा कल पाहून वेगळं केल्यावर मात्र बायडन यांच्याकडे झुकलेल्यांचं मतदान ०.४ टक्क्यांनी वाढलेलं आणि ट्रम्प यांच्याकडे झुकलेल्यांचं ०.३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. दोन टोकांनी एकमेकांना खाल्लं होतं. तरी सावधपणे वाचा. घट दाखवणाऱ्या आकड्याची प्रमाण त्रुटीच (नमुन्यातल्या योगायोगाने आकडा साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो, याचं माप) ०.३ होती, म्हणजे तो एकटा शून्यापासून वेगळा म्हणता येत नाही. दोन्हींमधलं ०.७ टक्क्यांचं अंतर तेवढं जेमतेम उंबरठ्यापलीकडे गेलं. वीस लाख माणसं घेऊनही उत्तर इतकं काठावर येतं, यावरून हे परिणाम किती बारीक असतात याची कल्पना यावी.

आणि बारीक परिणाम बिनमहत्त्वाचा नसतो. काही शे मतांनी लागणाऱ्या निकालात अर्धा टक्का पुष्कळ होतो.

काळाचाही विचार करा. टेक्सासमध्ये २००६ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीसाठी सुमारे २० लाख डॉलरच्या दूरचित्रवाणी आणि रेडिओ जाहिराती चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या भागांत दाखवल्या. मतं ठळकपणे हलली, पण आठवडाभरात तो परिणाम जवळपास विरला. म्हणून जाहिरात पाहिल्यावर लगेच विचारलेलं उत्तर मतदानाच्या दिवसापर्यंत टिकेल असं धरू नका. दुसरी विचारणा किमान आठवड्याने ठेवा.

प्रश्न : लोकांना थेट विचारलं की ‘गेल्या महिन्यात किती राजकीय जाहिराती पाहिल्या’, तर चालेल ना?

चालत नाही. बातम्या पाहण्याबद्दल लोक सांगतात ते प्रत्यक्षाच्या सरासरी तिप्पट असल्याचं मोजून दिसलं आहे. मतदान न केलेले लोकही ‘केलं’ म्हणतात. शिवाय राजकारणात रस असणाऱ्यालाच जाहिरात आठवते, त्यामुळे ‘जाहिरात पाहिलेले जास्त मतदान करतात’ हा निष्कर्ष आपोआपच निघतो आणि तो पोकळ असतो. संमती घेऊन फोनवरच्या वापराची नोंद मिळवा. ते जमत नसेल, तर खऱ्या जाहिरातींच्या चित्रांत दोन-तीन कधीच न आलेल्या जाहिरातींची चित्रं मिसळून ‘यांतली कुठली पाहिली’ असं विचारा. न आलेल्या जाहिराती किती जण ‘पाहिल्या’ म्हणतात, त्यावरून उत्तरांतली भर कळते.

प्रश्न : फेसबुकसारख्या कंपन्या ठेवतात त्या राजकीय जाहिरातींच्या सार्वजनिक संग्रहावरून खर्चाचा अभ्यास करते आहे. काय सांभाळावं?

पहिली गोष्ट, खर्च नेमक्या आकड्यात मिळत नाही, टप्प्यांत मिळतो. ‘१०० ते ४९९’ असा. मधला आकडा धरून बेरीज करण्याचा मोह टाळा. बहुतेक लहान जाहिराती टप्प्याच्या खालच्या टोकाला असतात, त्यामुळे बेरीज फुगते. खालच्या टोकांची एक, वरच्या टोकांची दुसरी अशा दोन बेरजा करा आणि दोन्ही छापा. पानाचा एकूण खर्च संग्रहात वेगळा दिलेला असेल, तर तो या दोन बेरजांच्या मध्ये पडतो का ते पाहा.

दुसरी, सामग्री रोज ठरावीक वेळी उतरवून घ्या, तारखेसह. चालू जाहिरातीचे आकडे बदलत राहतात आणि काही जाहिराती नंतर काढल्या जातात. ओळख-क्रमांकावरून जोडणी करा, मजकुरावरून नको. तोच मजकूर शंभर वेगळ्या जाहिरातींत असतो. आज आहे ते साधन उद्या असेलच असंही धरू नका. क्राउडटँगल हे समाजमाध्यमांवरच्या पोस्टचा माग काढणारं संशोधकांचं लाडकं साधन १४ ऑगस्ट २०२४ ला बंद झालं. युरोपीय संघात नवे नियम लागू झाल्यावर ऑक्टोबर २०२५ पासून मेटा (फेसबुकची मालक कंपनी) आणि गूगल यांनी तिथे राजकीय जाहिराती घेणंच थांबवलं.

तिसरी आणि सर्वांत मोठी. संग्रहात मुख्यतः त्या जाहिराती असतात ज्या जाहिरातदाराने स्वतः राजकीय म्हणून जाहीर केल्या. न जाहीर केलेल्यांपैकी ज्यांबद्दल फेसबुकला निवाडा करावा लागला, त्यांत ८३ टक्के वेळा तो चुकला, असं २०२२ च्या एका तपासणीत आढळलं. शिवाय पैसे देऊन पोस्ट करवून घेतलेले प्रभावक (इन्फ्लुएन्सर), कार्यकर्त्यांची पानं, फॉरवर्ड हे सगळं संग्रहाच्या बाहेरच राहतं. म्हणून शीर्षकात ‘ऑनलाइन प्रचाराचा खर्च’ लिहू नका, ‘जाहीर केलेल्या राजकीय जाहिरातींचा खर्च’ लिहा.

प्रश्न : खासगी गटांतले फॉरवर्ड अभ्यासायचे आहेत. मी काही गटांत आधीच सदस्य आहे. तिथले संदेश वापरू का? आणि मतदारांवर प्रयोग करणं नैतिक आहे का?

सदस्य आहात म्हणून संदेश तुमचे होत नाहीत. गटात लिहिणाऱ्याने ते अभ्यासकासाठी लिहिलेले नसतात, आणि गटातल्या बाकीच्यांचे क्रमांक, फोटोही त्यात येतात. चालणारी वाट अशी. सहभागी स्वतः निवडून संदेश देतो. आलेल्या संदेशातून नावं-क्रमांक उतरवून घेतानाच काढून टाकायचे. ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण असलेलेच मजकूर ठेवायचे. चित्रांचे ठसे (दिसण्यावरून काढलेली सांकेतिक संख्या) बनवून एकच चित्र किती गटांत फिरलं ते मोजायचं. असं स्वेच्छेने देणारे लोक सर्वसाधारण मतदारांसारखे नसतात, हे निष्कर्षात स्पष्ट लिहायचं.

संदेश न वाचताही परिणाम तपासता येतो. ब्राझीलमध्ये २०२२ च्या निवडणुकीआधी काही लोकांना तीन आठवडे व्हॉट्सॲपवर आपोआप उतरणारी चित्रं आणि व्हिडिओ बंद ठेवायला सांगितलं गेलं. त्यांच्यापर्यंत अफवा कमी पोहोचल्या, पण खऱ्या-खोट्याचा निवाडा सुधारला नाही आणि राजकीय कटुताही कमी झाली नाही. कोणाचाही खासगी निरोप न उघडता एवढं कळलं.

नैतिकतेबद्दल फक्त संमतीपत्र भरून भागत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात न्यायाधीशांच्या निवडणुकीआधी दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी सुमारे एक लाख मतदारांना पत्रकं पाठवली. त्यांवर राज्याची अधिकृत मुद्रा होती आणि पक्षविरहित उमेदवारांना विचारसरणीच्या पट्टीवर बसवलेलं होतं. मतदारांना ती सरकारी वाटली, आणि विद्यापीठांना जाहीर माफी मागावी लागली. प्रयोगाची रचना करतानाच एक गणित करून ठेवा. तुम्ही ज्यांना संदेश दाखवणार त्यांची संख्या गुणिले कल्पनेत येईल तेवढा सर्वांत मोठा परिणाम. हा गुणाकार त्या मतदारसंघातल्या मागच्या दोन-तीन निवडणुकांतल्या सर्वांत कमी मताधिक्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असला पाहिजे. मताधिक्य ८०० चं असेल आणि परिणाम दोन टक्के धरला, तर चार हजारांहून जास्त लोकांना तो संदेश एकाच मतदारसंघात दाखवायचा नाही. नमुना त्याहून मोठा हवा असेल, तर अनेक मतदारसंघांत पसरा, किंवा बाजू न घेणारा, केवळ मतदानाची तारीख आणि केंद्र सांगणारा संदेश वापरा. खोटा मजकूर कधीही वापरू नका, ‘नंतर खुलासा करू’ असं ठरवलं तरीसुद्धा. खुलासा सगळ्यांपर्यंत पोहोचत नाही आणि मत एकदा दिलं की परत घेता येत नाही.

आणि निकाल पाहण्याआधी लिहून ठेवा, की मुख्य मोजमाप एकच कोणतं, आणि कोणत्या उपगटांकडे बघणार. वीस वेगवेगळे उपगट तपासले, तर काहीही परिणाम नसताना निदान एक तरी ‘सापडण्याची’ शक्यता ६४ टक्के असते. २०२० मध्ये निवडणुकीआधी फेसबुक किंवा इन्स्टाग्राम सहा आठवडे बंद ठेवण्याच्या मोठ्या प्रयोगात फेसबुक बंद ठेवल्याने ट्रम्प यांची मतं घटल्याची चिन्हं दिसली होती. संशोधकांनी ते लपवलं नाही, पण आधी ठरवलेल्या उंबरठ्यात तो आकडा बसत नाही, हेही त्याच वाक्यात लिहिलं. तुमच्या अहवालात असं वाक्य लिहायची वेळ आली, तर ते गोषवाऱ्यात घ्या, तळटीपेत नको.